न धुतलेला स्पंज

आमच्या सासरी शोभेचा मासा मेला की त्याचं सुतक पाळलं जायचं. हसू नका, खरं सांगतेय. रविवारी भिगवणहून आलेली चिलापी कढईभर तळून खाणारं हे घर. मामंजींना तर डोकंसुद्धा लागायचं, आणि काटे ते असे चोखायचे की मांजरानं हात जोडावेत. पण हॉलमधल्या फिशटँकात बोटाएवढा सोनेरी मासा उलटा होऊन वर आला, की सगळ्यांचे आवाज खाली यायचे. आणि मग कोणीतरी माझ्या पायांकडे बघायचं.

माझे पाय साधे आहेत. टाचांना भेगा, एका अंगठ्याचं नख लहानपणी दगड पडून काळं झालेलं. पण लग्न होऊन बारामतीत आले त्या वर्षी या पायांना भलतंच महत्त्व आलं.

झालं असं, की आमच्या लग्नाच्या सुमारास घराचा नवा स्लॅब पडला होता आणि नव्या घराला शोभा म्हणून आमच्या ह्यांनी पुण्याहून फिशटँक आणला होता. नव्वदचं दशक होतं, बारामतीत ज्याच्या त्याच्या हॉलमध्ये काचेचं कपाट आणि काचेची टाकी दिसू लागली होती. त्यात कोणीतरी आत्यांच्या, म्हणजे माझ्या सासूच्या, डोक्यात भरवलं, की टाकी ईशान्येला ठेवा, घरावर आलेलं संकट मासा आपल्या अंगावर घेतो. मी आले आणि मासे मरायला लागले. म्हणजे संकट येतंय. म्हणजे ते कोणाच्या तरी पायानं येतंय. हिशोब सरळच होता की!

एवढ्यावर निभावलं असतं. पण माझी नणंद, जिला इंदापूर तालुक्यात दिली होती, ती पहिल्यांदाच दिवस गेल्यावर बारामतीला आली. नव्या वहिनीला भेटायला म्हणून घरी उतरली, माझ्या हातचा चहा प्याली, आणि दुसऱ्या दिवशी तिचं पोट पडलं. त्याच आठवड्यात टाकीतला काळा मासाही मेला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. पण आत्यांनी कावळा आणि फांदी एकाच दोऱ्यात ओवली आणि ती माळ माझ्या गळ्यात घातली. शेजारपाजारच्या बायकांत शब्द फिरला, पांढऱ्या पायाची.

मी मायक्रोबायॉलॉजी शिकलेली. दूध संघाच्या प्रयोगशाळेत नोकरी करायचे, दिवसभर दुधातले जिवाणू तपासायचे, कोणते नासवतात आणि कोणते जमवतात ते बघायचे. आणि संध्याकाळी घरी येऊन ऐकायचं काय, तर माझ्या पायानं मासे मरतात. तळपायाची आग मस्तकाला जायची. पण नवी सून, तोंड उघडलं तर 'शिकलेली हाय म्हणून उलटं बोलती'. नाही उघडलं तर 'मनात खोट हाय म्हणून गप बसती'. म्हटलं, बोलायचं तर पुराव्यानिशी बोलू. आधी मासे का मरतात ते बघू.

आणि बघितलं तर कपाळावर हात मारायची पाळी आली. मासा मेला, की आत्या अख्खी टाकी मोरीत रिकामी करायच्या. खालची रंगीत खडी घमेल्यात घेऊन सोड्यानं खसाखसा घासायच्या, गच्चीवर उन्हात वाळवायच्या. काच राखेनं घासायच्या. मग नळाचं ताजं पाणी, ज्यात नगरपालिकेनं मुठीनं टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकलेली असायची, ते भरायचं. आणि शेवटी, घर शुद्ध करतात तसं, त्या पाण्यात गोमूत्र शिंपडायचं! नुसते थेंब नाही, चांगलं पळीभर. मग उरलेले मासे त्या शुद्ध पाण्यात सोडायचे. आठवड्याभरात त्यातला एक वर यायचा. की पुन्हा सुतक, पुन्हा सोडा, पुन्हा गोमूत्र. मी सुप्याकडच्या कोरडवाहू गावातली, तेवढं पाणी मोरीत जाताना मला बघवायचं नाही ते वेगळंच.

गोष्ट एवढीच आहे, की मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच हागतो-मुततो. त्यातून पाण्यात अमोनिया साठतो आणि तोच त्याला मारतो. हा अमोनिया खाऊन टाकणारे जिवाणू असतात. ते खडीवर, काचेवर, जागा मिळेल तिथं बुळबुळीत थर धरून राहतात, आणि त्यांना वस्ती करायला महिना-दीड महिना लागतो. आत्या ती वस्ती दर सुतकाला सोड्यानं उठवत होत्या, टीसीएलनं मारत होत्या, आणि वर पळीभर अमोनिया स्वतःच्या हातानं घालत होत्या. मासे माझ्या पायानं नाही, आमच्या घरच्या स्वच्छतेनं मरत होते.

हे मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "असेल तसं. पण आईला कोण सांगणार?" हे एका कारखान्यात मशीन दुरुस्त करायचे. तिथं चुकीचा नट दिसला तर साहेबाशीही भांडायचे. घरात मात्र नट दिसला तरी मान फिरवायचे.

अशात बातमी आली, वन्संना पुन्हा दिवस गेले. घरात आनंद झाला. मलाही झाला, का होऊ नये? पण त्याच संध्याकाळी आत्या भाजी निवडता निवडता, वर न बघता म्हणाल्या, "सातव्यात ओटी हितंच भरायची हाय. पर तू ओटीला हात लावू नगंस बाई. मासं जगलं तोवर, तर बघू."

मी म्हटलं, "म्हणजे? माझी ओटी माशांवर?"

"माझ्या लेकीचं पोट हाय. मी भीक घालणार न्हाय कुणाला."

ओटी म्हणजे काय, पसाभर तांदूळ, खण, नारळ. पण सख्खी वहिनी असून मी कोपऱ्यात उभी राहणार आणि शेजारणी माझ्यासमोर माझ्या नणंदेची ओटी भरणार, हे ज्या दिवशी झालं असतं त्या दिवसापासून मी त्या घरात कायमची कोपऱ्यातली झाले असते. पुढं बारशाला, लग्नाला, गृहप्रवेशाला, सगळीकडं. मला ते दिसत होतं, लख्ख. मी उठून मोरीत गेले आणि नळ मोठा सोडून रडले. मग तोंड धुतलं आणि ठरवलं, मासे जगवायचे.

दुसऱ्या दिवशी दूध संघातून सुटल्यावर एसटी स्टँडजवळच्या माशांच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे एक अरुंद गाळा, पण टाक्या झुळझुळीत. दुकानदारानं कोपऱ्यात बसवायचा डबा दाखवला, आत कापूस आणि कोळसा. "कापूस घाण झाला की बदलायचा, ताई." म्हणजे जिवाणू धरले, की तेच उकिरड्यावर फेकायचे. नको. मग त्यानं मोटरचा बंद फिल्टर काढला, चकचकीत, वर निळं बटण. "सगळे डॉक्टर लोक हाच नेतात." मी म्हटलं, "आमच्याकडं लाईट सकाळ-दुपार जाते. बंद डब्यात हवा नाही मिळाली की आतले जिवाणू गुदमरून मरणार, आणि लाईट आली की तीच घाण टाकीत ओकणार." मग त्यानं खडीखाली घालायची जाळी दाखवली. पंप हवा सोडतो, पाणी खडीतून खाली झिरपतं, खडीच फिल्टर होते, वरून काही दिसत नाही. चांगली युक्ती. ह्यांना नक्की आवडली असती, कारण झाकलेली होती.

पण ज्या घरात खडी घासल्याशिवाय सुतक फिटत नाही, त्या घरात खडीचा फिल्टर घेऊन काय डोंबल करायचं? फिल्टर माशांसाठी घ्यायचा असला तरी निवडायचा घरच्या माणसांकडं बघून. मी कोपऱ्यातल्या जुन्या टाकीकडं बोट केलं. त्यात नळीला लावलेला एक साधा स्पंजचा गोळा होता, काळामिट्ट, शेवाळलेला, त्यातून बुडबुडे निघत होते. लाईट गेली तरी तो उघड्या पाण्यातच असतो, थोडा वेळ तग धरतो. खडीपासून वेगळा. आणि त्याला हात लावू नका एवढं एकच सांगावं लागतं.

"तो द्या."

"नवा देतो ना, ताई. पिवळाधमक आहे."

"नवा नको. तोच. घाणेरडा."

तो हसायला लागला. "घाण मागणारं गिऱ्हाईक आज पहिलंच बघतोय!" पण दिला. तिथल्याच पाण्यात बुडवून, डब्यात घालून, मी तो मांडीवर धरून रिक्षानं घरी आणला.

घरी तमाशा. आत्यांनी नाकाला पदर लावला. "ही घाण माझ्या हॉलात?"

"आत्या, नव्या भांड्यात दूध ठेवलं तर आपोआप दही लागतं का? विरजण लागतं ना? हे विरजण आहे."

"विरजणात कुणी गटार घालतं व्हय?"

मामंजी पेपराआडून खोकल्यासारखं हसले आणि लगेच गंभीर झाले. मी बादलीत दोन दिवस उघड्यावर ठेवून टीसीएल उडालेलं पाणी टाकीत भरलं, स्पंज बसवला, पंप वर खिळ्याला टांगला, म्हणजे लाईट गेल्यावर पाणी उलटं पंपात उतरायला नको. आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "या टाकीचं पाणी मी बदलीन, थोडं थोडं. बाकी कोणी सोडा लावायचा नाही, गोमूत्र घालायचं नाही, आणि स्पंज धुवायचा नाही. कधीच."

पहिले काही दिवस पाणी पांढुरकं झालं, मग हिरवट. काचेवर थर आला. येणारी-जाणारी बाई बघून म्हणायची, "काय हो, टाकी धुवत नाही का?" आत्यांचं तोंड कडू व्हायचं. ज्या बाईच्या ओट्यावर माशी बसत नाही, तिच्या हॉलमध्ये हे शेवाळ! लाईट गेली की मी तांब्यानं टाकीतलंच पाणी वर उचलून उंचावरून ओतायचे, हवा मिसळावी म्हणून. आत्या म्हणायच्या, "माशांना अंघोळ चाललीया." म्हणू देत. पण एकदा दुपारी मी लवकर घरी आले तर लाईट गेलेली, आणि आत्या स्वतः टाकीपाशी तांब्या घेऊन उभ्या. मला बघून त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. तेव्हा मला कळलं, त्यांना मासे जगायला हवे होते. माझ्यासाठी नव्हे, लेकीसाठी. भीती खोटी नव्हती त्यांची. पण त्यांच्या भीतीचं ओझं माझ्या डोक्यावर का? वड्याचं तेल वांग्यावर का?

अमावस्येला मात्र ठिणगी पडली. सकाळी मी डबा भरत होते तर मोरीतून काथ्याचा खरखर आवाज. जाऊन बघते तर घमेल्यात टाकीतली खडी, आणि आत्यांच्या हातात स्पंज! नळाखाली धरायला फक्त वीतभर अंतर. मी आडवी झाले. नळ बंद केला आणि त्यांच्या हातातून स्पंज काढून घेतला. काढून कसला, ओढलाच.

"हात लावायचा नाही म्हटलं होतं ना?"

"आवस हाय आज! घरात घाण ठेवू व्हय?"

"ठेवायची! ही घाणच मासे जगवतेय. तुमची लेक येणार आहे म्हणून मासे जगायला हवेत, आणि तुम्हीच त्यांना मारताय. दर वेळी तुम्हीच मारलेत. माझ्या पायानं नाही, तुमच्या सोड्यानं!"

असं कोणी त्यांच्याशी बोललं नव्हतं, त्या घरात. हे दारात दाढीचा साबण तोंडाला लावून उभे. आत्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. चार दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. स्पंज टाकीत पुन्हा बुडबुडे सोडत राहिला. खडी धुतली गेली होती, पण स्पंज वाचला आणि मासेही वाचले. खडीखालची जाळी घेतली असती तर त्या दिवशी सगळं संपलं असतं.

मग पाणी निवळलं. आपोआप, हळूहळू, कोणी हात न लावता. मासे धष्टपुष्ट झाले, एक तर खाण्यासाठी काचेला तोंड लावायला लागला. वन्संचे महिने बिनघोर जात होते. आणि एक दिवस मी गच्चीवर कपडे वाळत घालताना आत्यांना शेजारणीला सांगताना ऐकलं, "व्हय, आता मासं टिकल्यात. सूनबाईचा पाय सुधारला."

सुधारला म्हणे! माझ्या हातातली चादर तशीच राहिली. म्हणजे पाय वाईट होता हे कायमच राहिलं की. फक्त आता मी जामिनावर सुटले होते. उद्या म्हैस आटली, परवा विहिरीची मोटर जळाली, की पुन्हा माझे पाय. मी मासे जगवून काय कमावलं, तर पुढच्या तपासणीची तारीख. त्या दिवशी पहिल्यांदा माझाच मला राग आला, की मी त्यांचं कोर्ट मान्य करून त्यांच्यासमोर पुरावे मांडत बसले होते.

सातवा लागला. वन्सं आदल्या दिवशी इंदापूरच्या गाडीनं आल्या. ओटीच्या सकाळी घरात फुलांचा आणि तळणाचा वास. मी माशांना खाणं टाकायला गेले तर टाकीतल्या झाडामागं तळाशी एक मासा आडवा पडलेला. मेलेला. का मेला? मला माहीत नाही. मासे मरतात. बाकीचे मजेत फिरत होते.

हे मागून आले आणि त्यांनी बघितलं. इकडंतिकडं बघत हळूच म्हणाले, "काढ आणि परसात टाकून दे. कोणाला कळतंय? आजच्या दिवस वेळ मारून ने." वाईट हेतू नव्हता त्यांचा. खरंच नव्हता.

मी मासा हातजाळीनं काढला. आणि हातात घेतल्यावर मला वाटलं, हा आज लपवला तर जन्मभर लपवत बसावं लागेल. घरात काहीही मेलं, बिघडलं, सांडलं, की सगळ्यांच्या आधी मी धावायचं आणि ते पदराखाली घालायचं. मी मासा स्टीलच्या वाटीत ठेवला.

हॉलमध्ये सतरंजीवर बायका बसलेल्या. वन्सं पाटावर, हिरवी साडी, केसांत गजरे, पोट चांगलं दिसत होतं. आत्यांनी मला हाक मारली, गोड आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "ये गं, पहिली ओटी तुझी. मासं जगलं, आता काय आडकाठी न्हाय."

मी गेले आणि वाटी टीपॉयवर ठेवली. "आत्या, हा आज सकाळी मेला."

बांगड्यांचे आवाज थांबले. आत्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"आणि ओटी मी भरणार आहे," मी म्हणाले. "मासा जगला असता तरी भरली असती, मेला तरी भरणार. मी वन्संची वहिनी आहे म्हणून."

आत्या लेकीच्या पुढं येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं ओरडतील. त्यांनी हात जोडले. "आजच्या दिवस नगं गं पोरी. तुझ्या पाया पडते. दुसऱ्यांदा न्हाय सोसायचं मला."

सासूनं भर बायकांत सुनेपुढं हात जोडले, की सुनेनं मागं सरायचं असतं. पण मी मागं सरले नाही. "मला नका विचारू," मी म्हटलं. "पोट वन्संचं आहे. त्यांना विचारा."

वन्सं खाली बघत होत्या. हात पोटावर. त्या नको म्हणाल्या असत्या तर माझ्याकडं दुसरं काहीच नव्हतं.

"आये, सरक," त्या म्हणाल्या.

"अगं पर..."

"सरक म्हनलं ना. गेल्या टायमाला मी वैनीला भेटायला आले न्हवते. दवाखान्यात आले हुते. आदी डॉक्टरणीकडं गेले. ती म्हनली, ठोकं लागत न्हाईत, पोटातच गेलंय. मग हितं आले. वैनीच्या हातचा चहा प्याले तवा सगळं हुन गेलं हुतं, आये."

आत्यांचे जोडलेले हात तसेच राहिले. वन्संनी माझ्याकडं बघितलं, डोळे भरून आलेले. "माझ्याच अंगात खोट हाय म्हनले असते सासरी. तुमच्यावर गेलं, मी गप बसले, वैनी."

मला राग आला. खोटं कशाला बोलू, असा आला की ते तांदळाचं ताट तिथंच उपडं करावं. एवढे महिने! मी मोरीत रडले, भांडले, घाण मांडीवर धरून आणली, आणि हिला सगळं ठाऊक होतं. मग मी तिच्याकडं बघितलं. तिनं सगळ्यांसमोर माझ्यापुढं पदर पसरला होता. मी पुढं झाले, आत्यांच्या बाजूनं, आणि तांदळात दोन्ही हात घातले.

"पदर नीट धरा, वन्सं," मी म्हणाले. "ओंजळ भरून घालणार आहे मी."